दाराला टेप लावू नकोस

ॲन आर्बर, मिशिगन
१६ जानेवारी

चि. सोनू,


परवा फोनवर तू बोलता बोलता सांगून गेलीस, "ड्रायरचं दार मध्येच उघडतं गं मावशी, मी आपली टेप मारते आणि समोर खुर्ची लावून ठेवते." मग आपण तिळगुळाच्या पाकाकडे वळलो आणि ते तिथेच राहिलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र ती खुर्ची डोळ्यांसमोरून हलेना. फोनवर सांगितलं की तू "हो हो" म्हणतेस आणि विसरतेस, म्हणून लिहायला बसले.

सगळ्यात आधी ती टेप काढ आणि खुर्ची बाजूला कर. दुरुस्ती होईल तेव्हा होवो, हे आजच कर. तुझा पिल्लू तीन वर्षांचा झाला. लपायला जागा शोधायचं हेच वय.

आमच्याकडे हेच झालं होतं. ड्रायरचं दार बंद राहत नव्हतं, आणि मी दोन महिने इस्त्रीचं टेबल आडवं लावून काम भागवत होते. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. एका रविवारी लपंडाव चालला होता आणि तो कुठेच सापडेना. कपाटं पाहिली, पलंगाखाली पाहिलं. शेवटी तळघरात गेले, तर ड्रायरचं दार आतून ढकलून तो हसत बाहेर आला. त्या दिवशी कपडे लावलेले नव्हते, म्हणून टेबल भिंतीला टेकलेलं होतं. मी तिथेच पायरीवर बसले, बराच वेळ मला उठता आलं नाही. टेबल दाराला लावलेलं असतं तर, याच्या पुढचा विचार मी अजूनही करत नाही.

ते दार आतून ढकलल्यावर उघडतं ते मुद्दामच तसं केलेलं असतं. पूर्वी इथे अमेरिकेत फ्रिजला बाहेरून खटका असायचा. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये मुलं खेळायला शिरत, दार लागे, आणि आतून ते उघडायची सोयच नसे. कितीतरी मुलं अशी गेली. म्हणून १९५६ साली इथे कायदा झाला की फ्रिजचं दार आतून उघडता आलंच पाहिजे, आणि १९५८ पासून नवे फ्रिज तसेच बनू लागले. ड्रायरच्या दारामागेही हाच विचार आहे. कपड्यांच्या थपडांनी ते उघडू नये, पण मुलाच्या हाताने उघडावं, इतपतच त्याची पकड असते. टेप आणि खुर्चीने तू ती पकड वाढवत नाहीस, मुलाची वाट बंद करतेस.

आता दाराचं बघू. घाबरू नकोस, यात अवघड काही नाही. मात्र आधी प्लग काढ. आपल्याकडे भारतात घरभर २३० व्होल्टच असल्यामुळे आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण इथे साध्या सॉकेटला १२० आणि विजेवरच्या ड्रायरला २४०. तो जाडजूड प्लग त्याचाच. तुझा ड्रायर गॅसवरचा असेल तर प्लग साधा असेल, तोही काढ, आणि मशीन ओढून मागची गॅसची नळी ताणू नकोस.

मग बॅटरी घेऊन खाली बस आणि दार उघड. दाराच्या आतल्या कडेला बाणाच्या टोकासारखी धातूची एक जीभ दिसेल. तिला इथे स्ट्राइक म्हणतात. समोर चौकटीत एक खाच आहे, तो कॅच. त्याच्या आत स्प्रिंगच्या दोन पट्ट्या असतात, कपड्यांच्या चिमट्यासारख्या एकमेकींकडे झुकलेल्या. जीभ आत गेली की त्या तिच्या मानेला धरतात. सगळी पकड एवढीच. (काही मशीनना याऐवजी लोहचुंबक असतं. तिथे बहुतेक वेळा चुंबकावर मळ बसलेला असतो किंवा ते जागचं हललेलं असतं.) खाचेत लिंट, म्हणजे कपड्यांची लव, साचली असेल तर दात घासायच्या जुन्या ब्रशने काढ. जिभेचे खांदे झिजून गुळगुळीत झालेत का, ती वाकली आहे का, कॅचचं प्लास्टिक तडकलंय का, बोट फिरवून बघ. माझ्या कॅचची एक पट्टी तुटून आतच पडली होती. डोळ्यांना दिसली नाही, बोटाला समजली.

पण इथेच थांबू नकोस. नुसता कॅच बदलतात आणि तो सहा महिन्यांत पुन्हा तुटला म्हणून कंपनीला नावं ठेवतात, असे लोक मी पाहिलेत. तो झिजला का, हे आधी शोधायला हवं. मी देवघरातलं कुंकू खोबरेल तेलात कालवलं, जिभेच्या टोकाला लावलं, दार हलकेच टेकवलं आणि उघडून पाहिलं. ठिपका खाचेच्या तोंडाशी उमटायला हवा होता, तो उमटला खालच्या काठावर, तुरीच्या दाण्याएवढा खाली. म्हणजे दार लोंबत होतं आणि रोज जीभ कॅचच्या काठावर आपटत होती. दाराची मोकळी बाजू धरून वर उचलली तर बिजागरीत खुळखुळ लागली. स्क्रू ढिले झाले होते, ते आवळले. पुन्हा कुंकू लावलं, ठिपका वर आला. तूही असंच करून बघ, आणि झाल्यावर कुंकू नीट पुसून घे, पांढऱ्या कपड्याला लागलं तर जायचं नाही.

तुझं मशीन घराबरोबर आलेलं आहे. आधीच्या लोकांनी दाराची बाजू बदलली असेल, तर जीभ नीट जागेवर बसवलेली नसेल, तेही बघ. पाणसळ असेल तर वर ठेवून बघ. मशीन पुढे झुकलं असेल तर खालचे पाय फिरवून सारखं कर. आणि रजई आणि टॉवेल एकत्र कोंबू नकोस. त्या गोळ्याने दाराला धक्के बसतात, ते चांगल्या कॅचलाही सोसवत नाहीत.

जीभ आणि कॅच जोडीनेच बदल, झिजलेल्या जिभेवर नवा कॅच टिकत नाही. दोन्ही फारसे महाग नसतात. दार उघडलं की चौकटीवर मॉडेल नंबरची चिठ्ठी दिसेल, तो पुरा उतरून घे, एक अक्षर चुकलं तरी दुसराच भाग येतो. जुना कॅच काढताना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला टेप गुंडाळ म्हणजे रंग खरवडणार नाही, आणि तो आत ढकलू नकोस, मशीनच्या पोटात पडेल.

दार उघडल्यावर मशीन थांबतं ते चौकटीतल्या छोट्या स्विचमुळे. तो दाबून बांधून टाका म्हणजे दार उघडलं तरी मशीन चालू राहील, असं सांगणारे भेटतील. त्यांचं अजिबात ऐकू नकोस. गरम पिंप उघड्या दाराने फिरत राहील आणि पिल्लूचा हात तिथवर पोचतो.

तू राहतेस त्या नॉर्थ डकोटाशी ड्रायरचं जुनं नातं आहे, हे तुला ठाऊक नसेल. तिथल्या थंडीत दोरीवर कपडे लाकडासारखे ताठ होतात, त्याला कंटाळून जे. रॉस मूर नावाच्या तिथल्याच माणसाने शेडमध्ये शेगडीजवळ फिरणारं पिंप बसवलं. पुढे विस्कॉन्सिनच्या हॅमिल्टन कंपनीने ते १९३८ मध्ये बाजारात आणलं. दाराला काच लावायची सूचना ब्रूक्स स्टीव्हन्स या डिझायनरची. आत रंगीत कपडे फिरताना दिसले की लोक थांबून बघतील, असं त्याचं म्हणणं होतं. मला हे कळलं तेव्हा आपली आजीच आठवली. श्रावणात तुझ्या आईचे लंगोट आणि दुपटी ती शेगडीवर उपडी टोपली ठेवून वाळवायची, आणि निखाऱ्यावर चिमूटभर धूप टाकायची. मला तो वास अजून आठवतो.

रविवारी दुपारी फोन कर, मॉडेल नंबर आणि बॅटरी हातात घेऊन. कुंकवाचा ठिपका कुठे उमटला ते सांग, मी इकडून सांगत जाईन, तू स्क्रू आवळ. तोवर कपडे घरातच दोरीवर टाक. बाहेर बर्फ असला तरी घरातली हवा कोरडी असते, सकाळपर्यंत वाळतात. आणि ड्रायरच्या खोलीचं दार लावून घेत जा.

पिल्लूला गोड पापा.

तुझी
मावशी