भोगीला सोलापुरात

कुर्डूवाडी मागे पडली आणि गाडीच्या खिडकीबाहेर ज्वारीच ज्वारी दिसू लागली. जानेवारीत ती हुरड्यावर येते. मधूनच हरभऱ्याचा हिरवा पट्टा. हा मुलूख मालदांडी ज्वारीचा. इथल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. पण भोगीच्या दिवशी या ज्वारीच्या माहेरात भाकरी होते ती बाजरीची. बाजरी उष्ण, वर तीळ थापलेले; संक्रांतीच्या थंडीत अंगात ऊब हवीच.

मंडईत भोगीचे वाटे मांडले होते : हरभऱ्याचे घाटे, पावटा, घेवडा, गाजरं, काटेरी वांगी, बोरं, उसाची कांडकी. पुण्यात हेच सगळं सोलून-चिरून पिशवीत मिळतं. सोय होते, नाही कशाला म्हणू? पण घाटे सोलताना निम्मे तोंडात टाकायचे असतात, ते राहून जातं.

मित्राच्या घरी मावशींनी शेंगतेलात काळ्या मसाल्याची फोडणी केली, भाज्या परतल्या आणि झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजू दिल्या. मग चिंच, गूळ, शेंगदाण्याचं आणि तिळाचं कूट. बोरं अख्खीच पडली. बी दाताखाली येते म्हणून काहीजण ती टाळतात. मला मात्र त्या आंबटगोड बोरांशिवाय ही भाजी साध्या मिसळभाजीसारखी वाटते.

शेजारच्या कानडी घरातून सज्जी रोट्टी आली : बाजरीचीच, पातळ, तीळ लावलेली, पापडासारखी कडक. मावशींनी त्याच ताटातून भाजी परत धाडली. रिकामं ताट पाठवायची पद्धत नाही.

बाहेर ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या हलग्या वाजत होत्या. भोगीला सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेल्या 68 लिंगांना तैलाभिषेक असतो. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात आणि दिवसभर शहराला प्रदक्षिणा घालतात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते उंच, जड काठ्यांचे ध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलत चालतात. ‘हर्र बोला हर्र’चा गजर ऐकून मी हात धुवायला उठलो, तर मावशी ओरडल्या, “मिरवणूक कुठं पळून चाललीय ओ? रात्रीपर्यंत आहे. भाकरी गरम आहे तोवर खावा की!”

बसलो. लोण्याचा गोळा भाकरीवर विरघळला आणि तिसऱ्यांदा भाजी वाढून घेतली. उद्या संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाचा अक्षता सोहळा. त्यालाही जायचं ठरलं. मावशींनी पातेल्यात थोडी भाजी राखून ठेवली होती. म्हणाल्या, “सकाळी इकडूनच जावा. शिळी जास्त मुरते.”