बर्फावरची बिगरी

थंडी म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे, अशी माझी गेली 68 वर्षं समजूत होती. आमचं शेंदूरजनाघाट सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. पौषात डोंगरावरून वारा उतरला की संत्र्याच्या पानापानावर दव चढतं, बागेत ओलिताला जाणारा माणूस कानाला उपरणं गुंडाळतो आणि पहाटे घरोघर शेकोट्या पेटतात. त्या शेकोटीशी बसून "यंदा थंडी लय हाय" असं म्हणण्यात जे सुख आहे, ते खऱ्या थंडीच्या मुलखात नाही. तिथे कुणी थंडीबद्दल बोलतच नाही. मासा काय पाण्याबद्दल बोलत असेल?

हे मला कळलं ते गेल्या जानेवारीत. माझा मुलगा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. मिनियापोलिसच्या दक्षिणेला बर्न्सव्हिल नावाचं गाव आहे, तिथे. मी पोचलो त्या दिवशी पारा शून्याखाली अठरा अंशांवर होता. सूनबाईंनी माझ्या अंगावर इतके कपडे चढवले की आरशात पाहिलं तेव्हा मला पोळ्याच्या बैलाची आठवण झाली. फरक एवढाच, की तो बैल दिमाखात चालतो आणि मला गुडघा वाकवता येत नव्हता.

दुसऱ्याच रविवारी सात वर्षांच्या नातीनं जाहीर केलं, "आबा, आज तुम्हांला डोंगरावर न्यायचंय." डोंगर म्हटल्यावर मी सरसावलो. विदर्भातला माणूस डोंगराला भीत नाही. 1,118 मीटर उंचीचं आमचं चिखलदरा मी पायी पालथं घातलं आहे. पण हमरस्त्याच्या कडेला गाडी थांबली आणि नातीनं बोट दाखवलं, तेव्हा मला हसूच आलं. ती होती एक टेकडी, जेमतेम 300 फूट उंचीची! सातपुड्याच्या एखाद्या घडीत ती ठेवली असती, तर गुराख्यांनी तिला नावसुद्धा दिलं नसतं.

इथे मात्र तिला नाव आहे. बक हिल. चहूकडे तळहातासारखी सपाट जमीन, त्यात देवानं जेवढा उंचवटा दिला त्याचं लोकांनी सोनं केलं. 1954 सालापासून लोक तिथे बर्फावरून घसरायला येतात. घसरायला म्हणजे स्की करायला. दोन्ही पायांना दोन लांबट पट्ट्या बांधायच्या, वर जायचं आणि खाली यायचं. लिंडसे व्हॉन ही पोर याच टेकडीवर एरिक सेलर या ऑस्ट्रियन गुरूच्या हाताखाली तयार झाली. 2010 साली व्हँकूव्हरच्या ऑलिंपिकमध्ये तिनं सुवर्णपदक मिळवलं आणि 2019 साली ती पहिल्यांदा निवृत्त झाली, तोवर विश्वचषकाच्या 82 शर्यती जिंकल्या होत्या. टेकडी लहान म्हणून तर हे साधलं, असं तिथले जाणते सांगतात. खाली यायला अर्धं मिनिट लागतं. मग एका संध्याकाळीत कितीतरी फेऱ्या होतात. मोठ्या पर्वतावर दृश्य मोठं दिसतं, पण घोकणी लहान टेकडीवरच होते. 34 वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला हा मुद्दा पटायला वेळ लागला नाही.

टेकडीवरचा बर्फ सगळाच आभाळातला नसतो, हेही तिथेच समजलं. हवा कोरडी असली आणि पारा शून्याखाली दोनतीन अंश उतरला, की मोठमोठ्या पंख्यांच्या तोंडातून पाण्याचे बारीक तुषार उडवतात. ते जमिनीवर पडेपर्यंत गोठतात. ते पाहून माझ्या पोटात कालवलं. आमच्या वरुड तालुक्यात विहिरी आटल्या, बोअर शेकडो फूट खाली गेले, आंबिया बहाराला पाणी पुरेल की नाही या काळजीनं माणसं रात्र रात्र जागतात. आणि इथे पाणी हवेत उधळतात, तेही घसरण्यासाठी! मुलगा म्हणाला, "बाबा, वसंतात ते परत पाणीच होते." होत असेल. पण संत्रेवाल्याचा जीव असा सहजी निवत नाही.

बूट भाड्यानं घ्यायचे होते. फळीमागच्या पोरानं माझी उंची, वजन, वय आणि "पूर्वी कधी केलंय का?" हे विचारून घेतलं. लग्नाचं स्थळ पाहायला आल्यासारखा हा काय विचारतो, असं मला वाटलं. पण त्यामागे शास्त्र होतं. बूट पट्टीला ज्या खटक्यानं अडकतो, तो खटका पडताना आपोआप सुटला पाहिजे. नाहीतर पाय पिळवटून हाड मोडतं. फार सैल ठेवला तर चालता चालता सुटतो, फार घट्ट ठेवला तर सुटायचा तेव्हा सुटत नाही. म्हणून माणूस पाहून तो किती आवळायचा हे आधीच ठरवतात. मी त्या इवल्याशा खटक्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिलो. मुलं वाढवताना हे असं कुणी मोजून दिलं असतं तर!

मग आमचा वर्ग भरला. बिगरीचा वर्ग. एक सोमाली बाई आणि तिचे दोन मुलगे, कॉलेजातल्या दोन मुली, तिथलाच एक चाळिशीचा उंच गोरा गृहस्थ आणि मी. त्या गोऱ्या गृहस्थाला पाहून मला फार बरं वाटलं. याचा सगळा जन्म या बर्फात गेला, तरी तो आजच पाटीपेन्सिल घेऊन आला होता. शिकवायला अठराएक वर्षांची मुलगी. तिनं पहिलंच वाक्य टाकलं ते असं, की आज आपण आधी पडायला शिकू.

मी चपापलो. चौतीस वर्षांत मी हजारो मुलांना शिकवलं. कसं उत्तीर्ण व्हावं ते शिकवलं, कसं पहिलं यावं ते शिकवलं. कसं पडावं हे एकालाही शिकवलं नाही. त्या मुलीनं मात्र ते पाढ्यासारखं शिकवलं. पुढे झोकू नका, मागे हात टेकू नका, चढाच्या बाजूला कुशीवर अलगद बसा. उठताना पट्ट्या उताराला आडव्या करा, म्हणजे त्या पळणार नाहीत. मग हातावर जोर द्या आणि उठा. थांबायचं तर पट्ट्यांची टोकं पुढे जुळवा, टाचा फाकवा. लहान मुलांना याची खूण म्हणून "पिझ्झा" म्हणायला शिकवतात. मी मनात "कानवला" म्हटलं. मला तेच जवळचं.

वर जायला एक रबरी पट्टा सरकत असतो. आमच्याकडे मेण लावायच्या कारखान्यात संत्री जशी ओळीनं सरकत जातात, तसे आम्ही निघालो. संत्र्यांना तोल सांभाळावा लागत नाही. माझा गेला. मी मागे घसरलो तो थेट त्या उंच गृहस्थाच्या अंगावर. दोघंही आडवे. पट्टा थांबला, सगळी रांग थांबली. तो बिचारा उलट माझीच क्षमा मागू लागला! चारचार वर्षांची पोरं आमच्या बाजूनं मुंग्यांसारखी निघून गेली.

मी डोळे मिटून हशाची वाट पाहत होतो. हशा आला नाही. कुणी पाहिलंसुद्धा नाही. तिथे पडणं ही बातमीच नव्हती. आणि मला, त्या बर्फात कुशीवर पडल्या पडल्या, 36 वर्षांपूर्वीचा एक हशा ऐकू आला.

उन्हाळ्याचे दिवस होते. बागेतल्या विहिरीवर गावची पोरं पोहत होती. माझा मुलगा आठ वर्षांचा. पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधलेला, कमरेला दोर. पण तो काठ सोडेना. "बाबा, तुम्ही दोर धरसान ना?" असं त्यानं तीनदा विचारलं. मी म्हणालो, "धरला आहे." आणि त्याला ढकललं, आणि दोर सोडून दिला. पोरगं असंच शिकतं, ही आमची समजूत. त्यानं गटांगळ्या खाल्ल्या. दोघांनी उड्या टाकून त्याला वर काढलं तेव्हा तो थरथरत होता. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मास्तरचा पोट्टा अन् एवढा भेकड!" काठावरची सारी माणसं हसली. त्यानंतर तो कधी विहिरीत उतरला नाही. आणि मी? मी ती गोष्ट विनोद म्हणून लग्नाकार्यांत सांगत आलो. त्याच्या सासरच्या माणसांतही सांगितली. तोही ऐकून हसत असे.

"बाबा, लागलं का?" मुलगा समोर उभा होता. त्यानं मला उठवलं नाही. उठायचं कसं ते हळूहळू सांगत राहिला आणि मी उठलो. मग तो माझ्याकडे तोंड करून, उताराकडे पाठ करून उभा राहिला आणि माझे दोन्ही हात त्यानं हातांत घेतले.

"पायाकडे नका पाहू. माह्याकडे पाहा."

"मले नाही जमत रे. लोक हासतीन."

"कोणी नाही हासत. मी धरलं हाये. तुम्हाले सांगितल्याबिगर सोडणार नाही."

हे शब्द तो मुद्दाम बोलला का? त्याच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. तो उलटा घसरत होता आणि मी कानवला करून त्याच्या मागे. दहा पावलांवर त्यानं विचारलं, "सोडू?" मी म्हणालो, "थांब." तो थांबला. पुन्हा दहा पावलं. "सोडू?" "नको." तिसऱ्यांदा मीच म्हणालो, "सोड." मग त्यानं हात सोडले. मी एकटा वीसेक पावलं गेलो असेन. जन्मात एवढा लांब प्रवास मी केला नाही. शेवटी कानवला फुटला आणि मी पडलो. पण शिकवल्याप्रमाणे, चढाच्या बाजूला, कुशीवर. नातीनं टाळ्या वाजवल्या.

दुपारी उपाहारगृहात गरम चॉकलेटचे पेले घेऊन बसलो. नात खेळायला पळाली होती. मी म्हणालो, "त्या विहिरीचं... मी दोर सोडायला नको होता."

तो बराच वेळ पेल्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तुम्हीही तसेच शिकले असान." ते खरं होतं. मलाही माझ्या वडिलांनी असंच ढकललं होतं. पण खरं असलं म्हणून ते पुरेसं नव्हतं, आणि तो ते पुरेसं आहे असं म्हणालाही नाही. थोड्या वेळानं त्यानं सहज सांगितलं, "पोरगी झाल्यावर मी पोहायला शिकलो, बाबा. इथच्या तलावात. सदतीस वर्षांचा होतो. वर्गात बाकी सारे पाच-पाच वर्षांचे पोट्टे."

सात वर्षं झाली होती त्याला, आणि हे मला माहीत नव्हतं. सांगितलं असतं तर मी त्याचाही विनोद केला असता, हे त्याला माहीत होतं.

त्या रात्री त्यानं मला एका माणसाची गोष्ट सांगितली. साँद्रे नॉरहाइम. नॉर्वेतल्या टेलेमार्कचा गरीब शेतमजूर. आजच्या स्कीचा जनक त्याला मानतात. टाच घट्ट धरणारा बंध आणि मध्ये निमुळती पट्टी ही त्याची करामत. पुढे मुलं अमेरिकेला गेली, तेव्हा 1884 साली तोही साठीच्या उंबरठ्यावर बायकोला घेऊन त्यांच्या मागे आला. आधी याच मिनेसोटात, मग पलीकडे उत्तर डाकोटात. 1897 साली तिथेच वारला. ज्या माणसानं डोंगरउतार वश केले, त्याच्या नशिबी शेवटी सपाट माळ आला. तरी त्याच्या दाराशी स्कीची एक जोडी कायम उभी असे, असं सांगतात. मुलांच्या मागे परक्या मुलखात गेलेला तो म्हातारा मला रात्रभर दिसत राहिला. मी तर परतीचं तिकीट घेऊन गेलो होतो.

मी परत आलो तेव्हा बागेत आंबियाची फुलं झडून मोहरीएवढी फळं धरली होती. ओट्यावर मंडळी जमली. कुणीतरी विचारलंच, "गुरुजी, पडले-गिडले त नाही ना तिथी?"

"पडलो," मी म्हणालो. "अकरा वेळा."

मंडळी हसली. मीही हसलो. मग एकजण म्हणाला, "अन् तुमचा पोट्टा? विहिरीले भेत होता तो?" मी म्हणालो, "तो माझ्यापेक्षा चांगला शिकवतो." त्याच्यापुढे ती जुनी गोष्ट मी सांगितली नाही. आता सांगणारही नाही.

या दिवाळीला ती सगळी येणार आहेत. नातीनं फोनवर बजावलं आहे, की तिला संत्र्याचं कलम करायचं आहे. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधणं हे नाजूक काम. साल चिरताना चाकू जरा खोल गेला की रोप वाया. सात वर्षांच्या हाताकडून आठदहा तरी जातीलच. जाऊ देत. जंबेरीची रोपं मी यंदा जास्तीची राखून ठेवली आहेत.