जळालेली मोटर

'टेल मी अबाऊट युवरसेल्फ.' मित्रांनो, होस्टेलवर आपण सगळेच याचं उत्तर पाठ करतो. 'मी मेहनती आहे' वगैरे. मी मात्र स्वतःला हुशार समजून एक गोष्ट तयार केली होती.

आमचं गाव जिंतूर तालुक्यात. येलदरीचं धरण तालुक्यातच, पण आमचं रान विहिरीवर. मी बारावीला असताना हरभऱ्याला पाणी चालू होतं, लाईट रात्रीची. एक फेज गेला, मोटर तशीच गुरगुरत राहिली आणि जळाली.

पुण्यातल्या पहिल्या इंटरव्ह्यूत ठोकून दिलं, "सर, रिवायंडिंग मी स्वतः केलं." साहेबांनी शांतपणे विचारलं, "तार किती गेजची? एका कॉइलला वेढे किती?" माझी दातखीळच बसली. वेढे जिंतूरच्या मिस्त्रीने घातले होते, मी नुसता स्टुलावर बसून होतो!

दुसऱ्या वेळी खरं तेच सांगितलं. बाबांनी पैसे उसने आणले, हेसुद्धा. एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजमधून जास्त करंट जातो, वाइंडिंग तापते, हे मला इथे आल्यावर कळलं. मग सुट्टीत स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवला.

"पुन्हा जळाली?"

"नाही सर. पण फेज गेला की मोटर बंद पडते, म्हणून बाबा अजून मलाच शिव्या देतात."

पॅनेल हसलं. पुढची वीस मिनिटं स्टार्टरवरच गेली.

नोकरी लागल्याचा फोन घरी केला, तर बाबांनी आधी विचारलं, "उसन्या पैशाचं तिथं कशाला सांगितलंस?"