कर्ण्यातून ऐकलेला सिनेमा

आमचं गाव केज तालुक्यातलं, मांजरेच्या काठचं. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्यांकडं निघायचं, ते उन्हाळा लागल्यावर परतायचं. माणसं फडावरून परत आली की जत्रा भरायची आणि जत्रेबरोबर टुरिंग टॉकीज यायची. शाळेमागच्या पडीक रानात तंबू लागायचा. जनरेटर धडधडायला लागलं, कर्ण्यातून देवाचं गाणं सुरू झालं, की पोरं जेवणं अर्धवट टाकून पळायची.

तंबूला भिंत नसते, नुसतं कापड असतं. त्यामुळं चित्र तिकीट काढणाऱ्यालाच दिसायचं, पण आवाज सगळ्या गावाला फुकट होता. हा फुकटचा आवाज कुणाच्या किती उपयोगाचा होता, हे मला आमच्या माळवदावर कळलं.

आमच्या घरातल्या बायांना तंबूत जायची बंदी होती. "घरंदाज बाया तंबूत बसत नसत्यात," एवढं आबा एकदा म्हणाले होते, पुन्हा म्हणायची गरज पडली नाही. तंबूत बायांची बाजू वेगळी असायची, गावातल्या कितीतरी बाया तिथं जाऊन बसायच्या. आमच्या घरच्या मात्र रात्री भांडी आवरून माळवदावर अंथरूण टाकायच्या आणि तिथून सिनेमा ऐकायच्या. माय, काकू आणि माहेराला आलेली असली तर आत्या.

लांबून ऐकताना एक गंमत होते. वारा फिरला की बोलणं तुटतं, अर्धे शब्द रानात सांडतात. संगीत मात्र पोचतं. त्यामुळं या तिघी गोष्ट ओळखायच्या ती वाजवण्यावरून. एकदम झांज आदळली, खालच्या पट्टीत काहीतरी घुमलं, की काकू म्हणायची, "आली बघा सासू." बासरी लागली की माहेर. सनई म्हणजे लगीन. आणि पुष्कळ व्हायोलिनी एकदम चढायला लागल्या, की कुणी काही बोलायचं नाही. तिघींचे पदर डोळ्याला गेलेले असायचे. सकाळी मी मोठ्या तोऱ्यात गोष्ट सांगायला बसलो की माय भाकरी थापता थापता म्हणायची, "म्हाईत हाये रे."

एकदा ऑपरेटरनं मला मशीनजवळ उभं राहू दिलं. फिल्मचा एक तुकडा कंदिलापुढं धरून त्यानं दाखवलं. चित्रांच्या चौकटी ओळीनं, आणि त्यांच्या कडेला एक बारीक, नागमोडी पांढरी पट्टी. "ह्यो आवाज," तो म्हणाला. त्या पट्टीतून उजेड आरपार जातो, कमी-जास्त होतो आणि त्याचाच आवाज बनतो. चित्राचा आवाज त्या चित्राच्या शेजारी नसतो, सुमारे 20 चौकटी पुढं असतो, हेही मला तेव्हाच कळलं. सेकंदाला 24 चौकटी पळतात, म्हणजे अंतर एका सेकंदाच्याही आतलं. पण रीळ तुटून चिकटवलं की दोन्ही जागी ठेच लागायची. पडद्यावर चित्र उडी मारायचं आणि कर्ण्यात सूर. माळवदावरच्या बायांना ती दुसरी ठेच बरोबर समजायची.

मग एका वर्षी 'माहेरची साडी' आला. विजय कोंडके यांचा हा सिनेमा 1991 चा, आमच्या जत्रेत पोचायला त्याला दोनेक वर्षं लागली असतील. अलका कुबल, उषा नाडकर्णी, विक्रम गोखले, अजिंक्य देव ही नावं तोवर घरोघर झाली होती. मूळ गोष्ट 'बाई चाली सासरिये' या राजस्थानी सिनेमाची. पुढं तिचाच हिंदीत 'साजन का घर' झाला. म्हणजे सासुरवास तीन भाषांत फिरला आणि तिन्हीकडं त्याला ऐकणाऱ्या बाया होत्या. मराठीतलं संगीत अनिल मोहिले यांचं. अरुण पौडवाल यांच्याबरोबर 'अनिल-अरुण' या नावानं त्यांनी संगीत दिलं होतं, आणि कुठलं वाद्य कुठं, किती वाजवायचं याची बांधणी करणारे अरेंजर म्हणूनही त्यांचं मोठं नाव होतं. या सिनेमातलं बहिणीच्या पाठवणीचं गाणं पुढं लग्नातल्या प्रत्येक बँडला पाठ झालं.

त्या साली आत्या जत्रेच्या आधीच आली होती. तिला धारूरकडं दिलेली. येताना हातात पिशवी नव्हती, आणि उजव्या दंडावर भाजल्याचा डाग होता. "दूध उतू गेलं," ती म्हणाली. दूध दंडावर कसं उतू जातं, हे कुणी विचारलं नाही. आबांनी दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, "जत्रा झाली की सोडून येतो." आत्या "बरं" म्हणाली. ती रडली नाही. आमच्या घरात दिवसा रडायला जागाच नव्हती. ओसरीवर आबा, चुलीपाशी पोरं, विहिरीवर गाव.

सिनेमा तीन रात्री चालला. पहिल्या दोन रात्री आत्या गप पडून होती. तिसऱ्या रात्री मीही माळवदावरच होतो, तिकिटाचे पैसे संपले होते. पाठवणीचा प्रसंग आला, गाण्याचा सूर कर्ण्यातून सगळ्या गावावर पसरला, आणि आत्याला हुंदका फुटला. तोंडात पदर कोंबूनही तो थांबेना. काकूनं तिला जवळ ओढली. मायनं तिच्या पाठीवर हात ठेवला. खालून आबांचा आवाज आला, "कोण रडायलंय गं?"

माय म्हणाली, "कोणी न्हाई मामा. पिच्चरमधली बाई रडायलीये."

आबा पुन्हा काही बोलले नाहीत. त्यांना काय कळलं, काय नाही, ते त्यांनाच ठाऊक. पण व्हायोलिनी वाजत होत्या तोवर आत्याला रडता आलं. त्या थांबल्या तशी तीही थांबली.

पुढं औरंगाबादला शिकताना सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' पाहिला. 1955 चा सिनेमा, संगीत पंडित रविशंकर यांचं. त्यात बाप पुष्कळ दिवसांनी घरी येतो, लेकीसाठी आणलेली साडी बायकोच्या हातात देतो. लेक तर गेलेली आहे. आई कोसळते, तोंड उघडून आक्रोश करते, पण तिचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. त्या जागी तारशहनाई वाजते, उंच आणि चिरत जाणारी. शेजारचे मित्र दिग्दर्शकाच्या कल्पनेवर बोलत होते. मी मायच्या त्या एका वाक्यावर अडकलो होतो. तिथं बाईचं रडणं वाद्यानं आपल्या अंगावर घेतलं होतं, आमच्याकडं ते सिनेमावर ढकललं होतं. काम एकच.

आणि हे काम सिनेमानं नव्यानं काढलेलं नाही. जातं होतं तेव्हा पहाटे त्याच्या घरघरीआड बाया सासुरवासाच्या ओव्या गायच्या. ऐकणाऱ्याला वाटावं दळण चाललंय. गावात पिठाची गिरणी आली, हातांचे कष्ट वाचले हे चांगलंच झालं, पण ती घरघरही गेली. तिची जागा काही वर्षं तंबूच्या कर्ण्यानं भरून काढली, असं मला वाटतं. म्हणून या रडक्या सिनेमांच्या संगीताला कुणी हसलं, भडक म्हटलं, तर मला त्यात सामील होता येत नाही. भडक ते होतंच. अर्ध्या मैलावरच्या माळवदापर्यंत पोचायचं तर हळू वाजून भागणार नव्हतं.

पण त्याचं नुसतं कौतुकही मला करवत नाही. जत्रा उठली आणि दुसऱ्या दिवशी आबांनी आत्याला केजच्या स्टँडवर नेऊन धारूरच्या एसटीत बसवलं. मायनं तिच्या पिशवीत नवी साडी घातली होती. ते संगीत दुःखाला इतकं गोड करून वाजवायचं, की सोसणं हेच बाईचं मोठेपण वाटावं. त्यात आत्यासाठी रडणं होतं, पण एसटीतून खाली उतरायची चाल नव्हती.

हे मी शिकून बोलतो. आत्याला ते शिकावं लागलं नाही. कितीतरी वर्षांनी तिच्या लेकीचं लग्न केजच्या एका मंगल कार्यालयात होतं. पाठवणीच्या वेळी बँडवाल्यानं सवयीनं तेच गाणं उचललं. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत आत्या मांडवातून तरातरा त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"ते नगं."

"आवं मावशी, समदीकडं हेच वाजतंय."

"वाजू दे. हितं दुसरं वाजीव. पोरगी मरायला चालली न्हाई."

बँडवाल्याला चटकन काही सुचेना, त्यानं वरातीतली नाचाची चाल धरली. पाहुण्यांत कुजबूज झाली. आत्यानं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "काय झालं तर रात्र असू दे न्हाईतर दिस, तडक निघून यायचं. मी आणून सोडणार न्हाई."

लेक रडली. आत्याही रडली. भर दुपारी, सगळ्यांच्या समोर.