कर्लीच्या खाडींत : परतीचा विचार आधीं

उन्हाळ्याच्या सुटींत कोंकणांत उतरणारीं कुटुंबें पूर्वीं आंबे-फणस, देवदर्शन आणि समुद्रकांठची संध्याकाळ एवढ्यावर संतुष्ट असत. अलीकडे त्यांत एका नव्या हौसेची भर पडली आहे. मालवणापासून सहा-सात किलोमीटरांवर तारकर्ली आणि तिच्या पुढें देवबाग हीं गांवें लागतात. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली नदीची खाडी, आणि मध्यें माडांची व सुरूंची चिंचोळी पट्टी, असा येथील विलक्षण देखावा आहे. या खाडींत एका-दोघांनीं बसून स्वतः वल्हवावयाचीं ‘कयाक’ नांवाचीं हलकीं होडकीं भाड्यानें मिळतात, आणि तीं दृष्टीस पडतांच शहरांतील मुलेंमुली हट्ट धरतात.

हा हट्ट पुरविण्याजोगा आहे. यंत्राची घरघर नाहीं, तेलाचा वास नाहीं. कांदळवनाच्या कडेनें आपण जवळ गेलों तरी खंड्या आपली फांदी सहसा सोडीत नाहीं. परंतु खाडीची ही शांतता केवळ वरवरची होय. तिच्या पोटांत भरती-ओहोटीचा ओघ अहोरात्र चाललेला असतो. ओघाबरोबर जाणें नेहमींच सोपें. कठीण असतें तें परत येणें. म्हणून या सहलीची सर्व तयारी एकाच प्रश्नाभोंवतीं करावी : आपण परत कसे येणार?

या प्रश्नाचें अर्धें उत्तर घरच्या पंचांगांतच आहे. तिथीच्या अंकास पाउणकीनें गुणिलें असतां त्या दिवशींच्या पूर्ण भरतीची वेळ ढोबळ मानानें निघते, हा आपल्या किनाऱ्यावरील जुना हिशेब. बारा पाउणकी नऊ. अर्थात् द्वादशीस सकाळीं नऊच्या सुमारास भरती पूर्ण होते. यांत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडावयाचाच, म्हणून तेथील मच्छीमारांस विचारून खात्री करून घ्यावी. अशा दिवशीं सात वाजतां निघावें. चढत्या पाण्याबरोबर समुद्राकडे पाठ करून नदीच्या वरच्या अंगास जावें, आणि नऊच्या सुमारास पाणी थबकलें कीं होडकें वळवावें. सुरुवातीची ओहोटी मंद असते. ती आपणांस अलगद घरीं आणून सोडते. मात्र ओहोटीच्या तिसऱ्या व चौथ्या तासांत जवळजवळ निम्में पाणी बाहेर पडतें. नवख्या माणसाच्या वल्ह्याचा वेग ताशीं चार-पांच किलोमीटरांहून क्वचितच अधिक असतो. त्यांतील बराचसा ओघानेंच खाल्ला, तर उरतें काय? अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, हा ओघ सर्वांत प्रबळ असतो. तेव्हां नवशिक्यांनीं कांठावरूनच मौज पाहावी हें बरें.

उत्तराचें दुसरें अर्ध वाऱ्यापाशीं आहे. पहांटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा मंद असतो. जमीन तापली कीं दुपारीं समुद्रावरून खारा वारा सुटतो. बाहेर निघालेली ओहोटी आणि आंत येणारा वारा यांची गांठ देवबाग-भोगव्याच्या मध्यें, नदीच्या मुखाशीं, पडते. तेथें लाटा आखूड व उभ्या उठतात. त्या मुखाकडे लहान होडक्यानें जाऊंच नये, आणि साडेदहाच्या आंत कांठाला लागावें.

सामानाची यादी लहान आहे, परंतु तींतील एकही वस्तु वगळण्याजोगी नाहीं. पहिली वस्तु तरंगतें जाकीट. पोहतां येणारासही तें हवेंच. सर्व बंद आवळल्यावर खांद्यांशीं धरून वर ओढून पाहावें. कानांपर्यंत चढलें तर तें मोठें आहे असें समजावें. बाल्यांचीं जाकिटें निराळीं मागून घ्यावीं. चिखलांत कालवांच्या शिंपा सुरीसारख्या कापतात, म्हणून पायांत घट्ट बसणारी पादत्राणें असावीं. नऊवारी अगर पायघोळ वस्त्र पाण्यांत पायांस गुंडाळतें. सुटसुटीत सुती पोशाख बरा. रुंद कांठाची टोपी, माणशीं दोन लिटर पाणी, शिट्टी, आणि जलरोधक पिशवींत फोन, एवढें जवळ ठेवावें. फोनांत ११२ हा सर्वसाधारण मदतीचा आणि १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक आधींच नोंदवावा. कोण, किती जण, कोणत्या बाजूस गेले व केव्हां परतणार, हें कांठावरच्या वडीलधाऱ्यांस सांगितल्यावांचून निघूं नये.

होडकें उलटलें तर? तें बुडत नाहीं, हें मुलांस आधीं पढवून ठेवावें. त्याला धरून राहावें, शिट्टी वाजवावी. कांठ जवळ दिसतो म्हणून पोहत सुटूं नये. हा प्रयोग कंबरभर पाण्यांत एकदां मुद्दाम करून पाहिल्यास भीति जाते व हात शहाणे होतात. मच्छीमारांनीं रोवलेले खुंट आणि लावलेलीं जाळीं यांपासून मात्र दूर असावें. तेथें ओघ होडकें दाबून धरतो, आणि जाळें हें कोणाचें तरी पोट असतें.

मे २०२२ मध्यें तारकर्लीच्या समुद्रांत पर्यटकांची होडी उलटून दोघांचे प्राण गेले. ती यांत्रिक होडी होती; परंतु माणूस पाण्यांत पडल्यावर तो कोणत्या होडींतून पडला, हें पाणी विचारीत नाहीं. मेअखेरीस वारा पालटूं लागला, पश्चिमेस ढग जमूं लागले, कीं त्या वर्षापुरती ही हौस आवरती घ्यावी. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांच्या मासेमारीसही बंदी असते. समुद्रावर ज्यांचें आयुष्य गेलें ते जेथें होड्या ओढून कांठावर ठेवतात, तेथें सुटीच्या पाहुण्यांनीं धाडस दाखविण्यांत कसला पराक्रम?

मुलांस पाण्याची भीति घालूं नये, आणि पाण्याविषयीं बेपर्वाईही शिकवूं नये. तिथि पाहणें, वारा ओळखणें, अनुभवी माणसास विचारणें आणि ठरल्या वेळीं वळणें, एवढें त्यांच्याकडूनच करवून घ्यावें. सहलीचा बेत त्यांनीं आंखावा, आपण तपासावा. जो मुलगा वा जी मुलगी ‘आतां वळूं या’ असें आपण होऊन म्हणेल, तिच्या वा त्याच्या हातीं वल्हें द्यावयास आईबापांनीं भिऊं नये.