माळवद, डोम आणि कॉस्टिंग

लातूर जिल्ह्यात दहावीला बरे मार्क पडले की पुढची वाट ठरलेली असते. लातूरला खोली, अकरावी सायन्स, जोडीला नीट नाहीतर जेईईचा क्लास. निलंग्याच्या एका मुलासाठीही खोली बघून झाली होती. त्यानं मात्र पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं नाव काढलं. एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम, आणि प्रवेशाला आठवी पास पुरे!

"नापासांची शाळा हाय का ती?" चुलत्यांनी विचारलं.

प्रश्न चुकीचा नव्हता. पाबळच्या विज्ञान आश्रमात शाळा सुटलेली, परीक्षेत अडकलेली मुलं येतात. ती यावीत म्हणूनच तो सुरू झाला. डॉ. श्रीनाथ कलबागांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवली, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधनाची मोठी जबाबदारी सांभाळली, आणि ते सगळं सोडून 1983 मध्ये पाबळच्या दुष्काळी माळावर काम उभं केलं. मूल हातानं काम करत शिकतं, हा त्यांचा विश्वास होता. वर्गात मागं पडलेल्या मुलांमध्येच तो त्यांनी खरा करून दाखवला. शिक्षणावर बोलणारे पुष्कळ असतात. त्यासाठी माळावर राहायला जाणारे फार थोडे.

इथल्या वेळापत्रकात भूगोल-भूमिती नाही. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन असे विभाग, आणि प्रत्येकानं सगळ्यांतून जायचं. वेल्डिंग शिकलेला मुलगाच पुढे बोटाला टोचून हिमोग्लोबिन तपासतो, मातीचं परीक्षण करतो, कोंबड्यांचं खाद्य मोजतो. रात्री डायरी लिहायची: आज काय केलं, का केलं, किती माल लागला.

पाबळला गेल्यावर निलंग्याच्या मुलाला सर्वांत जड गेलं ते कॉस्टिंग. शेकडेवारीची गणितं त्यानं शाळेत झटपट सोडवली होती. पण लोखंडी टेबलाचा खर्च काढताना अँगलचं वजन, वाया गेलेला तुकडा, वेल्डिंगच्या काड्या, वीज, रंग, मजुरी, सगळं धरावं लागलं. टेबल खरंच कुणीतरी विकत घेणार होतं. उत्तर चुकलं तर लाल रेघ नव्हती, पदरचे पैसे जाणार होते. त्या दिवसापासून तो आकडे दोनदा तपासू लागला.

पण त्याचं मन गुंतलं ते डोममध्ये. पाबळचे डोम प्रसिद्ध आहेत: लोखंडी नळ्यांचे त्रिकोण एकमेकांना जोडत जायचे, की मधे एकही खांब नसलेलं घुमटाकार घर उभं राहतं. चौकोनी चौकट कोपऱ्यातून दाबली की तिरकी होते. त्रिकोण बाजू वाकल्याशिवाय आकार सोडत नाही. हे समजलं तेव्हा त्याला आजी आठवली. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरताना, किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली. निलंगा तालुक्यातल्या गावांनाही त्याचा तडाखा बसला. त्या भागातली घरं म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार, पण भिंती हलल्या की सगळा भार झोपलेल्या माणसांवर. आजी ती रात्र कितीदा सांगायची; घरं का पडली, हे मात्र त्याला नट आवळताना उमगलं. भौतिकशास्त्राचा असा तास लातूरच्या कुठल्या क्लासमध्ये मिळाला असता?

आश्रमात फॅब लॅबही आहे. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गेर्शनफेल्ड यांच्या पुढाकारानं 2002 मध्ये ती इथं आली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक. लेझर कटर आणि थ्रीडी प्रिंटर असलेल्या अशा प्रयोगशाळा पुढे जगभर पसरल्या. निलंग्याच्या मुलानं तिथं सेन्सरची छोटी सर्किटं जोडली. बाहेर पडल्यावर पुन्हा शेण कालवून बायोगॅसच्या टाकीत सोडायचं. दोन्ही कामांना मान सारखाच.

वर्ष सोपं गेलं नाही. लातूरला गेलेले मित्र फोनवर टेस्टचे मार्क सांगत, तेव्हा त्याच्या पोटात गोळा यायचा. त्याच्याकडे सांगायला रँक नव्हती. एकदा त्यानं बापाला सरळ म्हटलं, परत येऊ का? "काम अर्धं टाकून येऊ नको," एवढंच बाप बोलला.

आता तो निलंग्यात आहे. बाहेरून बारावी करायचं ठरलंय, पुढं डिप्लोमाचा विचार आहे. सध्या घरच्या शेळ्यांसाठी गोठा बांधायचा आहे. पोरगं फेरोसिमेंटचं, म्हणजे तारजाळीवर सिमेंट थापून करायच्या बांधकामाचं, अंदाजपत्रक घेऊन बसलंय, बापाला पत्राच बरा वाटतो. चुलते दोघांचे आकडे तपासतायत.