आम्ही चौदा आणि पाण्याचा दिवस

"सिंगापूरच्या सहलीवर लिहिणार होतीस ना, काय झालं त्याचं?" असं विचारून विचारून आमचे पुण्याचे, लातूरचे आणि हुबळीचे नातेवाईक दमले. सहल झाली मे २०१९ मध्ये. फोटो सगळ्यांनी तेव्हाच बघितले, काहींनी तर दोन-दोनदा (सक्तीने!). त्यामुळे तोंडातून पाणी सोडणारा मर्लायन, गार्डन्स बाय द बे मधली ती लोखंडी झाडं, सेंटोसाची केबल कार यातलं काही मी लिहिणार नाही. ते तुम्हाला कुठंही वाचायला मिळेल. मला त्या सहलीतलं जे आठवत राहतं ते पाणीच. ते मात्र आमच्या घरचं आहे.

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी आधी आमची शिरगणती. सासूबाई आणि मामंजी, मामंजींच्या विधवा भावजय म्हणजे आमच्या काकू, थोरले भावजी, थोरल्या जाऊबाई (मी त्यांना अक्का म्हणते), त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं आणि आमची दोन. झाले अकरा. हे सगळे एका घरात, एका चुलीवर. शिवाय पुण्याहून वन्सं, त्यांचे यजमान आणि लेक. एकूण चौदा. निमित्त होतं सासूबाई-मामंजींच्या लग्नाला पन्नास वर्षं झाल्याचं. भावजी म्हणाले होते, "हॉल घेऊन चारशे पानं उठवण्यापेक्षा सगळ्यांना विमानात बसवू."

पासपोर्ट झाले, व्हिसा झाले, शेंगाचटणी कुटून झाली, कडक भाकरी डब्यात रचून झाली. आणि मग एका रात्री जेवताना अक्कांनी विचारलं, "सगळं खरं, पण पाणी कोण भरणार?"

सगळे गप्प.

सोलापुरात राहणाऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगते. २०१९ च्या त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी पाणी यायचं. पहाटे साडेचारच्या सुमाराला, दोन-अडीच तास. ती वेळसुद्धा चावीवाल्याच्या मर्जीवर. त्यामुळे त्या रात्री झोप अशी लागतच नाही, कान नळाकडे असतो. आधी नळातून हवा येते, फुस्स करून. मग गढूळ पाणी. ते अंगणात आणि संडासच्या बादल्यांत जातं. स्वच्छ यायला लागलं की नळाला धुतलेलं फडकं बांधायचं आणि पिण्याचे हंडे-कळशा आधी भरायचे. मग स्वयंपाकघरातलं पिंप, मग न्हाणीतला हौद, आणि शेवटी मोटार लावून गच्चीवरची टाकी. जुनं शिळं पाणी ओतून भांडी घासून ठेवायची ती आदल्या रात्रीच. हे सगळं चुकलं तर पुढचे पाच दिवस अकरा माणसांनी काय करायचं?

आमच्याकडे तारखा कॅलेंडरवरून कमी आणि पाण्यावरून जास्त ठरतात. पाहुणे कधी बोलवायचे, गोधड्या-चादरी कधी धुवायच्या, मुलींची डोकी कधी धुवायची, सगळं पाण्याचा दिवस बघून. अक्कांचं माहेर तुळजापूरचं. सोलापूरपासून पन्नास किलोमीटरसुद्धा नाही. पण लग्न होऊन एकवीस वर्षं झालेल्या अक्का सलग चार दिवसांच्या वर माहेरी राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. कुणी अडवलं होतं असं नाही हो. त्याच आपणहून पाचव्या पहाटेच्या आत परत यायच्या.

शेवटी शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली. दोन पाण्याचे दिवस त्या आणि त्यांची सून सांभाळतील असं ठरलं. त्या बदल्यात सिंगापूरहून काय आणायचं याची यादी आली (ती सहलीच्या यादीपेक्षा मोठी होती). रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठली, कारण तेव्हा सोलापुरातून विमानाची सोय नव्हती. मुंबईहून साडेपाच तासांत सिंगापूर.

हॉटेलवर पोचल्यावर पहिल्याच तासात सासूबाईंनी आम्हाला खोलीत बोलावून घेतलं. "अगं, इथं बादलीच नाही!" खरंच नव्हती. बादली नाही, तांब्या नाही. त्यांना शॉवर दाखवला. रात्री झोपायच्या आधी बघते तर टेबलावर ओळीनं सगळं भरून ठेवलेलं. आमच्या सहा बाटल्या, चहाची किटली, काचेचे दोन ग्लास, इतकंच काय बर्फाचं भांडंसुद्धा. मी म्हटलं, "आई, इथं चोवीस तास पाणी असतं. नळाचंच प्यायचं." त्या म्हणाल्या, "असू दे की. भरून ठेवलं तर काय बिघडतंय?"

सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. म्हणजे तिथं सकाळचे सात वाजतात तेव्हा सोलापुरात पहाटेचे साडेचार. तिसऱ्या सकाळी बरोबर सातला अक्का दचकून उठल्या आणि म्हणाल्या, "पाणी येलालंय गं!" पोरी हसून हसून गडाबडा लोळल्या. अक्काही हसल्या. मग त्या अंघोळीला गेल्या आणि अर्धा तास बाहेरच आल्या नाहीत. आतून फक्त शॉवरचा आवाज. कुणीही दार वाजवलं नाही. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण ते साबणानंही होतात, म्हणून मीही काही विचारलं नाही.

आमचे मामंजी भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या हातात एक वही होती आणि सहलभर त्यांचा तास चालू होता. तर या सिंगापूरकडं स्वतःचं असं पाणी फारसं नाहीच. मोठी नदी नाही, पाऊस भरपूर पण साठवायला जागा नाही. १९६२ च्या करारानं मलेशियातल्या जोहोरमधून दिवसाला २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेता येतं, तो करार २०६१ मध्ये संपणार. म्हणून त्यांनी आधीपासून तयारी केलेली. पावसाचं पाणी गटारींमधून आणि कालव्यांमधून तलावांत नेतात, समुद्राचं पाणी गोडं करतात, आणि वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात. त्याला न्यूवॉटर म्हणतात, २००३ पासून. ते बरंचसं कारखान्यांना जातं आणि थोडं तलावांत सोडून पुढं नळाला येतं.

"वापरलेलं म्हणजे कसलं वापरलेलं?" काकूंनी विचारलं.

मामंजींनी सांगितलं.

सोवळ्याच्या काकू चार दिवस तेच पाणी पीत होत्या. देवपूजेलाही तेच. "आत्ता सांगताय होय!" म्हणून त्या जे उठल्या ते संध्याकाळपर्यंत मामंजींशी बोलल्या नाहीत. (संध्याकाळी मात्र "गंगेत तरी काय वेगळं असतं" असं म्हणून त्यांनी स्वतःच विषय मिटवला.)

मग मामंजींनी वहीतून दुसरं पान काढलं. आपलं उजनी. भीमेवरचं, आपल्याच जिल्ह्यातलं, १९८० मध्ये पूर्ण झालेलं. एकूण साठा ११७ टीएमसी. त्यातला जवळपास ६३ मृतसाठा, म्हणजे दरवाजांच्या पातळीखालचा. म्हणून आपण 'धरण मायनसमध्ये गेलं' म्हणतो तेव्हा ते कोरडं झालेलं नसतं. त्या वर्षीही मे महिन्यात उजनी मायनसमध्येच होतं. ऊस, गावं, कारखाने, शहर, सगळ्यांची ओढाताण त्यावर, आणि आपल्यापर्यंत यायला शंभर किलोमीटरहून लांब पाइप. "तिथं पाणी नाही म्हणून हिशोब आहे," मामंजी म्हणाले, "आणि आपल्याकडं धरण आहे म्हणून हिशोब नाही." एरवी त्यांच्या तासाला जांभया देणारे भावजी त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकत होते.

पाचव्या दिवशी आम्ही सेरंगून रोडवरच्या श्रीनिवास पेरुमाळच्या देवळात गेलो. पाय धुवायच्या जागी एक नळ थेंब थेंब गळत होता. सासूबाईंनी सवयीनं तो करकचून बंद केला आणि काहीतरी पुटपुटल्या. त्यांचं बालपण सोलापूरच्या पूर्व भागातलं, शेजारीपाजारी सगळे तेलुगू पद्मशाली विणकर. दिवसभर मागाचा खटखट आवाज आणि कानावर तेलुगू. त्यामुळं वैतागल्या की त्या अजूनही तेलुगूतच पुटपुटतात. तर शेजारच्या कठड्यावर बसलेली एक म्हातारी एकदम हसली आणि तेलुगूतच बोलायला लागली!

आम्ही तेराजण बघत उभे. त्या दोघींची अर्धा तास गाडी सुसाट. त्यात 'नीळ्ळु' हा शब्द इतक्यांदा आला की आम्हालाही कळलं, विषय पाणीच आहे.

नंतर सासूबाईंनी सांगितलं ते असं. त्या बाई तिथंच जन्मलेल्या. १९६३ मध्ये सिंगापुरात पाऊस इतका कमी झाला की एप्रिलपासून पुढं दहा महिने पाणी ठराविक दिवशी, ठराविक वेळी बंद असायचं. त्या तेव्हा दहा वर्षांच्या. सार्वजनिक नळावर आईबरोबर डबे घेऊन रांगेत उभं राहायच्या. रांगेत भांडणं व्हायची, डबे पुढंमागं सरकवले म्हणून. घरी भांडी, पातेली, जे मिळेल ते भरून ठेवायचं. "तुम्हीही नळ बंद करता तशीच माझी आई करायची," असं त्या म्हणाल्या होत्या. आणि मुलीला, नातीला हे सांगितलं की त्या ऐकतात आणि मोबाइल बघतात. त्यांना ती गोष्ट वाटते.

सासूबाईंनी त्यांना आपलं ७२ सांगितलं. लग्न होऊन तीनच वर्षं झालेली, मांडीवर थोरले भावजी, आणि तो दुष्काळ. सोलापूर जिल्ह्यातली माणसं खडी फोडायला जात होती ते दिवस. त्यांचं ६३, आमचं ७२. निघताना दोघींनी एकमेकींचे हात धरले होते.

त्या संध्याकाळी भाच्याच्या हट्टानं मरीना बराजवर गेलो. तिथं २००८ मध्ये समुद्राच्या तोंडाशी साडेतीनशे मीटरचा बांध घालून शहराच्या मधोमध गोड्या पाण्याचा तलाव केलाय. इमारतीच्या छतावर हिरवळ, त्यावर पोरं पतंग उडवतात. आमची पोरंही पळाली. अक्का आणि मी गवतावर बसलो. एका बाजूला खारं, एका बाजूला गोडं.

अक्का म्हणाल्या, "आपण इथं आल्यापासून माझ्या डोक्यात काहीच चाललेलं नाही. म्हणजे हौद किती भरलाय, टाकी किती उरलीय, कोण जास्त सांडतंय, हे. ते डोक्यात चालू असतं हे मला माहीतच नव्हतं. बंद झालं तेव्हा कळलं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "दोन वर्षांमागं आईला लकवा झाला तेव्हाही मी पाचव्या दिवशी परत आले होते."

एवढंच. सांगताना आवाजही चढला नाही. पण मागं भावजी उभे होते, आईस्क्रीम घेऊन. त्यांनी ऐकलं.

परत आलो तेव्हा पहाटेचं सोलापूर स्टेशन, तोच उकाडा, तीच रिक्षा. शेजारच्या काकूंनी हौद काठोकाठ भरून ठेवलेला. सासूबाईंनी सगळ्यात आधी पिंपाचं झाकण उघडून बघितलं, मग देवघर. कपड्यांचा डोंगर तसाच ठेवला, कारण पाणी परवा. आणि परवा पहाटे फुस्स झालं तेव्हा मी उठून बाहेर आले तर नळापाशी भावजी! लुंगी खोचून, फडकं उलटं बांधून. अक्का दारात उभ्या. "गढूळ आधी जाऊ द्या की," एवढंच म्हणाल्या आणि परत जाऊन झोपल्या. आमच्या घरात हे पहिल्यांदा घडलं. फार गाजावाजा झाला नाही. सासूबाई दोन पहाटे अस्वस्थ होत्या, तिसऱ्या वेळेपासून सूचना द्यायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात भावजींनी भिंतीवर कागद चिकटवला. पाण्याच्या पाळ्या. भावजी आणि त्यांचा मुलगा, मग आम्ही दोघं, मग अक्का आणि त्यांची लेक, मग पुन्हा भावजी. भांडणं झाली, पाळ्यांची अदलाबदल झाली, एकदा माझ्या नवऱ्यानं मोटार बंद करायला विसरून टाकीचं पाणी गल्लीत वाहवलं. पण कागद टिकला. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, अकरा माणसं चोवीस तास घरात आणि जो तो सांगतोय वीस सेकंद हात धुवा, तेव्हा त्या कागदानंच तारलं.

आणि त्याआधी, २०१९ च्या दिवाळीनंतर, अक्का माहेरी गेल्या त्या अकरा दिवस. मध्ये दोन पाणी गेली. रोज रात्री फोन करून "भरलं का?" विचारायच्या, पण आल्या नाहीत. आईची वेणी घातली, तिला भरवलं, दुपारी तिच्या शेजारी झोपल्या. पुढच्या वर्षी त्यांची आई गेली.

सिंगापूरनं आमच्या गल्लीच्या नळात एक थेंब जास्त टाकला नाही, टाकणार कसा? पण तिथल्या एका बाईच्या घरातही कधीकाळी डबे भरून ठेवलेले होते आणि आता तिच्या नातीला ती गोष्ट वाटते, हे आम्ही ऐकून आलो. म्हणजे हे असंच असतं, असंच राहणार, असं काही नाही. धरणाचं आणि पाइपांचं ज्यांनी बघायचं त्यांनी बघावं, आणि आपण त्यांना विचारत राहावं. घरातल्या पाळ्या मात्र आपल्याच हातात होत्या.

असो. पुढच्या सहलीच्या गप्पा ग्रुपवर पुन्हा सुरू झाल्यात. वन्सं बाली म्हणतात, पोरं जपान म्हणतात. सासूबाईंचा प्रश्न एकच, "तिथं बादली असते का?"